न घेतलेलं प्यादं

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी राहात्याहून सुनंदाचा फोन. दानीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो घरात बसून तिचं डोकं खातोय. "ताई, तुमी त्यांच्यासंगं मोबाईलवर बुद्धिबळ खेळा की. दिवसाला एक चाल. तेवढंच त्यांचं मन रमंल." म्हणजे धाकट्या भावाचं मन आता मी रमवायचं. भावजयीला नाही म्हणवत नाही, चांगली आहे ती. अकरा वाजता राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवून पाठवलं. दुपारी त्याचंही तेच आलं. खाली एक ओळ, "रविवारी चाल नाही. बाबांचा नियम."
नियम बरा आठवतो याला.

४ फेब्रु., बुध.
आज शेजारचं, उंटापुढचं प्यादं पुढे टाकलं. खा म्हणावं फुकट. माझा जुना गॅम्बिट, प्यादं देऊन डाव उघडायचा. सावेडीच्या घराच्या ओट्यावर याच्याशी शेकडो वेळा खेळले असेन, आणि हा प्रत्येक वेळी घ्यायचा. फुकट दिसलं की दानीचा हात पुढे. मग वीस चालींत माझे हत्ती, वजीर त्याच्या राजाच्या दारात, आणि हा आईकडे रडत.
संध्याकाळी उत्तर आलं. उंट सी-पाच. घेतलं नाही!
साठीकडे झुकल्यावर अक्कल आली की काय?

५ फेब्रु.
दिवसभर चिडचिड. भाजी लागली, दोनदा. हे म्हणाले, "एका प्याद्यावरून एवढं?" हो, एवढंच.
शाळेत पोरींना इतकी वर्षं बुद्धिबळ शिकवलं, ते स्वतःसाठी लिहून ठेवते. समोरच्याने नाकारलं म्हणजे आपलं काही गेलेलं नसतं. प्यादं आहे तिथेच आहे. पण नाकारलं याचाच राग येतो, आणि रागात माणूस त्याचं मधलं प्यादं मारायला जातो. तिथेच मेला. वजीर एच-चारवर येऊन शह. राजा हलवला तर मात. मधे प्यादं घातलं तर मधलं खाऊन पुन्हा शह, आणि कोपऱ्यातला हत्ती गेला. दर वर्षी नव्या तुकडीतली निम्म्या पोरी इथे पडायच्या.
तर, मारायचं नाही. आधी घोडा बाहेर. मग दुसरा. घाई नाही. त्याचा तो उंट तिरका रोखून बसलाय, तोवर मला कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात लपवता येत नाही, तो मधेच उघडा. त्या उंटाला हुसकावणं हे खरं काम, आणि ते सावकाशीनं करायचं.
घोडा एफ-तीन पाठवला. शहाण्यासारखा.

६ फेब्रु., शुक्र.
चाल झाली. डोकं मात्र चव्वेचाळीस वर्षं मागे.
मी चौदाची, दानी बाराचा. जिल्ह्याची स्पर्धा, शाळेतून एकच नाव. माझं. स्पर्धा रविवारी. बाबा मिशनच्या शाळेतले मास्तर, रविवारी आमच्या घरात पट उघडायचा नाही म्हणजे नाही. पण त्या वेळी म्हणाले, "तुझ्या विवेकाला विचार. जायचं तर जा." मी शनिवारी आईबरोबर मावशीकडे श्रीरामपूरला. रात्री परत आले तर सगळं ठरलेलं. दानीनं बाबांना सांगितलं होतं, "ताई नको म्हणाली. प्रभूचा दिवस आहे म्हणून."
मी असलं काही बोलले नव्हते. एक अक्षर नाही. मी तर शनिवारी बसमध्येसुद्धा सुरुवातीच्या चाली घोकत होते.
आणि बाबा! त्यांचे डोळे भरून आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. या मुलीपासून शिका म्हणाले. सगळ्या बाया मागे वळून बघतायत. मी उठून काय सांगणार होते, की हे खोटं आहे, मला जायचं होतं? त्या वेळी नगरला दानी माझ्या जागेवर बसून खेळत होता. बाबांनी त्याला जाऊ दिलं, कारण शाळेची जागा रिकामी जायला नको. दुसऱ्याच फेरीत हरून आला.
त्यानंतर मला कुठेच पाठवलं नाही. स्पर्धा रविवारीच असायच्या, आणि मी तर "तशी" मुलगी.
बाबा गेले तेव्हासुद्धा शोकसभेत कोणीतरी ती गोष्ट सांगितली. दानी मान डोलवत होता. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तसं कोणाच्या लक्षात आलं नाही, 'कसा आहेस', 'बरा आहे' इतपत चालू.

७ फेब्रु., शनि.
आज पटाबाहेरचा एक गॅम्बिट केला. उंट सी-चार, आणि खाली लिहिलं, "दानी, ती जिल्ह्याची स्पर्धा आठवते का रे? मीच तेव्हा नको म्हणाले असेन."
साफ खोटं. दोष आपल्या अंगावर घेऊन पुढे टाकलेला. म्हटलं, एवढं दिल्यावर माणसाला लाज वाटेल. म्हणेल, नाही ताई, मीच बोललो होतो. मला तेवढं एक वाक्य हवंय. त्याला शिक्षा नको, माफी नको. वाक्य.
चार वाजता उत्तर. घोडा सी-सहा. बाकी काही नाही.

८ फेब्रु., रवि.
चर्च. पट बंद. त्याच्या उत्तराची वाट बघायची नाही असं ठरवून दिवसभर मोबाईल हातात.

९ फेब्रु., सोम.
राहवलं नाही. फोन केला. इकडचं तिकडचं, मग सरळ, "तू वाचलंस का मी लिहिलेलं?" तर म्हणतो, "वाचलं ना. अगं ताई, फिजिओवाला रोज एवढा पाय वाकवतो, ब्रह्मांड आठवतं." मी पुन्हा विचारलं. पुन्हा गुडघा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चढला. त्यानं सुनंदाला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. "ताई, बोला. त्यांची गोळ्यांची येळ झाली."
पोरींना काय शिकवायचे मी? नाकारलं की झडप घालू नका. आणि स्वतः पहिल्या संधीला मधलं प्यादं मारायला धावले. हत्ती घालवून बसले.
पटावर मात्र डी-तीन. शांत चाल. पटावर मला सगळं जमतं.

१० फेब्रु.
घोडा ए-चार. पटाच्या काठावर घोडा नेऊ नये म्हणतात, पण इथे न्यायचाच. त्या उंटाच्या अंगावर. तो उंट गेला की माझा राजा मोकळा. दानीनं पाहिलंच नाही बहुतेक. दुसरा उंट माझ्या घोड्यावर आणून बसवला. तोरा तोच.

११ फेब्रु.
घोड्यानं त्याचा उंट मारला. त्यानं प्याद्यानं घोडा मारला. आता त्याची दोन प्यादी एकामागे एक. इतके दिवस जे अडलं होतं ते निघालं, फार आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळी कॅसलिंग केलं. राजा घरात, हत्ती एफच्या उभ्या रांगेत.
संध्याकाळी त्याची चाल आली. त्यानं प्यादं घेतलं. नवव्या चालीला! आता, जेव्हा ते घेणं त्यालाच महागात जाईल, माझ्या हत्तीपुढची वाट उघडेल. आणि खाली पहिल्यांदाच चार ओळी:
"हो ताई, तूच नको म्हणाली होतीस. मी विसरलो नाही. बाबांना केवढा अभिमान होता तुझा. मला कधी तसं जमलं नाही."
घेतलं. तेही घेतलं. मी पुढे टाकलेला दोष उचलून खिशात घातला, वर माझं कौतुक केलं.
रात्रीचं जेवण नको झालं. यांनी विचारलं नाही. बरं केलं.

१४ फेब्रु., शनि.
चाली चालू. मी उंटानं प्यादं परत घेतलं, डाव चांगला आहे.
दुपारी सुनंदाला फोन केला, दानी झोपलेला असताना. तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी. ती म्हणाली, "ताई, खोटं न्हाई सांगत. लगीन झाल्यापासून ही गोष्ट मी शंभर येळा ऐकली आसंल. पोरींना सांगायचे, तुमची आत्या लई हुशार हुती, माझ्यापरीस भारी, पन देवासाठी तिनं खेळ सोडला. सांगताना डोळ्यात पानी यायचं त्यांच्या." मग हळूच, "त्यांना खरंच तसंच आठवतंय वो."
मग मी इतके दिवस कोणापुढे काय टाकत होते? त्याला तिथे काही दिसतच नाही. बाराव्या वर्षी बोललेलं खोटं त्यानं इतक्यांदा सांगितलं की ते त्याचं खरं झालं. आणि माझं खरं माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. बाबा नाहीत, आई नाही, मावशी नाही.
एक क्षण वाटलं, मीच बोलले असेन तर? मग स्वतःचाच एवढा राग आला की कपाटाचं दार आपटलं. नाही बोलले. मला जायचं होतं. बसमध्ये खिडकीशी बसले होते मी, आणि आई म्हणाली होती, "पुटपुटतेस काय गं?"

१६ फेब्रु., सोम.
यांना सांगितलं एकदाचं. ऐकून घेतलं. म्हणाले, "तो बारा वर्षांचा होता गं. आता आजारी. सोड की." बारा वर्षांचा होता हे मलाही कळतं. पण मीही चौदाचीच होते, याचा हिशोब कोणी घालत नाही. आणि सोड म्हणायला यांचं काय जातंय!
डाव: त्यानं उंट देऊन माझा घोडा मारला, मी वजिरानं परत घेतला. हत्ती आणि वजीर एका रांगेत. आणखी चार-पाच चालींत त्याच्या राजापुढचं सगळं फुटतं. तो बघत नाहीये, किंवा बघून गप्प आहे.

१८ फेब्रु., बुध.
नाकारलेल्या डावात घाई करायची नाही, हे खरं. पण सगळे मोहरे बाहेर आले, राजा सुरक्षित झाला, वाट उघडली, की मग थांबणंही चूकच. तेही मीच शिकवलं आहे.
अकराला चाल पाठवली. उंट जी-पाच. त्याखाली लिहिलं, या वेळी काही पुढे न टाकता:
"दानी, मी नको म्हणाले नव्हते. मला जायचं होतं. तू बाबांना खोटं सांगितलंस. तुला आठवत नसेल, मला आठवतं."
पाठवलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

१९ फेब्रु., गुरु.
वाचलंय त्यानं. चाल आली नाही. सतरा दिवसांत, रविवार सोडून, पहिल्यांदा.
दुपारी सुनंदाचा मेसेज, "ताई, काय लिवलं तुमी? सकाळपासून जेवले न्हाईत. पट समोर घेऊन बसलेत."

२० फेब्रु., शुक्र.
सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलं. चाल नाही. एकच शब्द.
"बरोबरी?"
नियमानं पाहिलं तर आधी त्यानं चाल करायला हवी, मग विचारायला हवं. तेही माहीत आहे त्याला, बाबांनीच शिकवलेलं. डाव मी जिंकतेय, हेही त्याला दिसत असणार. हरणारा माणूस बरोबरी मागतोय. की कबूल करतोय? की माझं तोंड बंद करतोय? शब्द एवढा लहान आहे की तिन्ही त्यात मावतात.
आता नाकारायची पाळी माझी. हो म्हटलं की डाव संपला, आणि माझं वाक्य मला मिळालं नाही ते नाहीच. नाही म्हटलं तर त्याला तसंच पटापुढे बसवून ठेवायचं, वाकत नसलेल्या गुडघ्यानिशी.
अकरा वाजून गेले. हे दोनदा डोकावून गेले. मोबाईल समोर उघडा आहे आणि माझं बोट अजून कशावरच नाही.