आप्पा, चावी परत द्या

१२ मार्च ९६, मंगळ.
शाळा सुटली तर फाटकात भिकाआप्पा. गोडादऱ्याहून सायकल मारत आलेले, अंगावर कारखान्यातल्या लूमचा कापूस तसाच. त्यांची मुलगी लता लहानपणी माझ्याकडे चौथीला होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंगही मीच केलं, शाळेबाहेरचा माझा जोडधंदा. आता चार महिने झाले, पोरगी माहेरी. मारून हाकलली. कोर्टात केस. कामरेजचे सासरवाले म्हणतात, आम्ही काही मागितलं नाही, यांनी काही दिलं नाही.
"गुरुजी, ती कॅसेट शे ना तुमनाजोडे? आमनी कॉपी तिकडेच ऱ्हायनी. वकील म्हणे, तोच पुरावा."
मी म्हणालो, मास्टर, म्हणजे मूळ कॅसेटच, पुसली गेली आप्पा, तिच्यावर दुसरं लग्न घेतलं.
जिभेला काही हाड? विचार न करता सरळ खोटं. आप्पा म्हणाले, "बरं, जाऊ द्या," आणि वर मलाच पाणी विचारलं, चेहरा उतरला म्हणून.

१३ मार्च
कॅसेट कपाटात आहे. दुपारी घरी कुणी नव्हतं, लावून बघितली.
मांडव. मोटारसायकलला हार. आप्पा जावयाच्या हातात चावी देतात, तेवढ्यात कुणीतरी आडवं येतं. लगेच माझा आवाज, खणखणीत: "आप्पा, चावी परत द्या! जरा वर धरा, उजेडात! नवरदेव, हसा की!" सगळे हसतात. आप्पा चावी परत मागून घेतात, परत देतात.
हे कोर्टात लावणार. जजसमोर गुरुजींचा आवाज. हुंडा घेऊ नका म्हणून दर वर्षी मुलांकडून निबंध लिहून घेणारे गुरुजी!
शिवाय नवऱ्याचा मामा समाजाचा पुढारी. लग्नसराईची निम्मी कामं त्याच्या शब्दावर मिळतात. आपलेच दात, आपलेच ओठ... हे लिहिलं, पण खरं कारण माझा आवाजच.

१५ मार्च, शुक्र.
आज विचार केला, पुसूनच टाकू. म्हणजे खोटं खोटं राहणार नाही. व्हीसीआरमध्ये घातली, रेकॉर्ड दाबलं. बटण बसेना.
सुमन दारात. कधी आली कळलं नाही.
"अहो, तिची मागची पट्टी तोडलेली आहे. तुम्हीच शिकवलंत ना मला, मास्टर आली की पहिली पट्टी तोडायची, म्हणजे चुकून पुसत नाही." मग, "आप्पांना काय सांगितलंत तुम्ही?"
मी कॅसेट काढून परत कपाटात ठेवली. भोकावर चिकटपट्टी लावली की पुसता येते, हे तिलाही माहीत आहे. चिकटपट्टी रोज टेबलावर असते. आज दिसली नाही.

१७ मार्च, रवि.
आप्पा घरी. वकिलाला लेखी हवंय, कॅसेट पुसली गेली म्हणून. सही करून.
मी म्हटलं, कशाला आप्पा, देणाऱ्यालाही कायदा धरतो म्हणतात, तुम्हीच अडकाल.
"धरू द्या. दिधी व्हती तर दिधी व्हती म्हणसू. पोरले खोटी पाडी राहिनात ना ते."
सुमननं चहा दिला. माझ्याकडे बघितलंही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ मार्च, मधली सुट्टी
कागद घेऊन आप्पांऐवजी लता आली. वाळलीये. डाव्या मनगटाला अजून पट्टी. वाकून पाया पडली, मला पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही.
मजकूर तिनंच लिहून आणलाय. "कॅसेट माझ्याकडून चुकून पुसली गेली, ती आता अस्तित्वात नाही." अक्षर तेच, मी पाटीवर घोटून घेतलेलं. खाली सहीपुरती जागा.
"गुरुजी, तुम्हाला उगाच त्रास," म्हणाली.
डबा काढायला पिशवी उघडली तर डब्याखाली कॅसेट. मी ठेवलेली नाही.
लताला म्हटलं, पेन चालत नाही, आणतो. वर्गात येऊन हे त्याच पेनानं लिहितोय. ती बाहेर बाकावर बसलीये. घंटेला पाच मिनिटं आहेत.