उपाशी बश्यांना एक थेंब

रामघाट, वाराणसी
७ ऑक्टोबर १९९६

ती. शरदिनीताईस,
गोपीनाथचा शि. सा. न. वि. वि.

करू नये ते केलंय, ताई. आधी सांगतो, शिव्या मग दे. लॅबमध्ये ज्यांना उपाशी ठेवायचं होतं त्यांना मी गुपचूप खाऊ घातलं, आणि आता ते मरायलाच तयार नाहीत. घाबरू नको, माणसं नाहीत. पेशी आहेत.

आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी पुण्याची नीरजाताई तुला माझ्या पत्रांतून माहीत आहे. इंटरला मी दुसऱ्यांदा लुढकलो तेव्हा तिनंच मला युनिवर्सिटीत तिच्या लॅबमध्ये काचा धुवायला लावून दिलं. ती कोंबडीची आठ-नऊ दिवसांची अंडी फोडते, आतल्या इवल्या पिल्लाच्या कण्याजवळच्या मज्जापेशी काढते आणि काचेच्या बश्यांत वाढवते. सगळ्या बश्यांत पोषणाचं पाणी असतं. अर्ध्यांत शिवाय एका औषधाचा थेंब. ते उंदराच्या लाळेच्या गाठींतून काढतात. मी त्याला उंदराची थुंकी म्हणतो, ती चिडते. थेंब मिळाला की पेशी चहूकडे तंतू काढतात, मायक्रोस्कोपात बघ, अंधारात कुणी हात लांब करून चाचपडतंय असं वाटतं. ज्यांना नाही मिळत त्यांचे तंतू तुटतात, त्या आक्रसतात आणि दोन दिवसांत खलास. पाण्यात अन्न असतं हं. अन्न असून मरतात.

असं का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, पिल्लू घडताना अंगात पण हेच चालतं. लागतात त्यापेक्षा किती तरी जास्त पेशी जन्मतात आणि तंतू घेऊन निघतात. जिथे पोचतात तिथून हा निरोप मिळाला तर जगायचं. नाही मिळाला तर स्वतःच स्वतःला आवरून घ्यायचं, बिलकुल आवाज न करता.

मला कसंतरीच झालं ते ऐकून. त्यात पितृपक्ष चालू. बाबांना आता नीट दिसत नाही, पण मंत्र पाठ, यजमानांकडून पिंड घालून घेतात आणि शेवटी एक पिंड ज्यांचं कोणी नाही त्यांच्या नावाचा. लहानपणापासून मला तोच एक आवडतो. मंगळवारी संध्याकाळी औषधाची ट्यूब धुवायला माझ्याकडे आली, तळाशी थोडं उरलेलं. नीरजाताई चहाला गेली होती. मी तिच्यासारखे हात स्पिरिटनं पुसले आणि दहा उपाशी बश्यांना एकेक थेंब दिला.

शुक्रवारी तिनं पाहिलं तर दहाच्या दहा तंतू काढून बसलेल्या. बाई नाचली अक्षरशः. तिला वाटतं, निरोपाशिवाय जगणाऱ्या पेशी तिला सापडल्या. तिचे सर म्हणाले, बेंगलोरच्या शास्त्रज्ञांच्या सभेला हे पाठवा, महिनाअखेर शेवटची तारीख, आणि मध्ये सुट्ट्या, प्रयोग परत करायला वेळ नाही. तिनं मला जिलेबी चारली. सांगितलं तर ती मला हाकलेल, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलणारं कोणी उरणार नाही. नाही सांगितलं तर तिची पीएचडी मी घातलेल्या थुंकीवर उभी. काय करू, लिही.

तुझ्या लोभाला पात्र नसलेला,
गोपी

*

सांगली
१५ ऑक्टोबर १९९६

चि. गोपीनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. लहानपणी बोकडाला बाबांचं उपरणं पांघरून यजमानांपुढे बसवलंस, त्यात फार तर एक उपरणं गेलं. इथे ती मुलगी शंभर शहाण्यांसमोर उभी राहून तुझा खोडसाळपणा खरा म्हणून सांगणार, आणि उद्या कुणी करून पाहिलं की तोंडघशी पडणार. पत्र मिळेल त्याच दिवशी तिला सांग. हाकललं तर इकडे ये. अनिशच्या छापखान्यात काम आहे.

तेजश्री आता जिना उतरते, पोटावर, उलटी. अनिश तिला बेडूक म्हणतो.

बाबांबद्दल मी विचारत नाही. अनिशशी लग्न केलं तेव्हा माझं पत्रसुद्धा त्या घरात नको म्हणाले, ते मी चार वर्षं पाळलं. तुलासुद्धा घरी कधी लिहिलं नाही, लॅबवरच लिहिते. मोतीबिंदूचं डॉक्टर काय म्हणाले तेवढं मात्र कळव.

जेवत जा. रागावले आहे म्हणजे माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी ताई

*

रामघाट, वाराणसी
२२ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. शरदिनीस विष्णुशास्त्र्यांचे अ. उ. आ.

हे मी सांगतो आहे आणि नीरजा लिहिते आहे. पत्ता तिनंच लॅबमधल्या तुझ्या पाकिटावरून उतरवला.

दोन वर्षांत तुझी अकरा पत्रं आली. गोपी वाचून दाखवतो. पहिल्या वेळी मी ऐकणार नाही म्हणालो आणि दारातच बसून राहिलो. मागच्या पत्रात तू लिहिलंस की सांगलीत रोज सकाळी तुम्ही कचौडी आणि जिलेबी खाता, आणि शेजारचा मल्लाह तेजश्रीला नावेतून पलीकडच्या वाळूत नेतो. ही न्याहारी आणि ही वाळू काशीची, एवढं मला कळतं. पोरगा वाचताना दर ओळीला थांबून माझ्या तोंडाकडे बघतो. दिसत नसलं तरी ते कळतं.

डोळ्याचं ऑपरेशन कार्तिक संपल्यावर आहे. त्याआधी तुझ्या हातच्या चार ओळी आल्या तर बरं. मी नको म्हणालो होतो. ते मागे घेतो.

गोपीला मात्र हे कळवू नकोस. तो वाचायचा थांबेल, आणि मग या घरात आम्ही दोघं समोरासमोर नुसते बसू.

नातीला पापा. जावयांना नमस्कार सांगावा.

*

रामघाट, वाराणसी
९ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
गोपीनाथचा नमस्कार, या वेळी खरोखर वाकून.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सांगितलं. नीरजाताई रागावली नाही, तेच वाईट. वहीतल्या त्या दहा बश्यांवर रेघ ओढली. मग म्हणाली, "परत लावू. या वेळी तू मोजायचं." सुट्टीतच नवी अंडी आणली. औषधाच्या कपाटाची किल्ली तिनं गळ्यात घातली आणि मला मायक्रोस्कोपाला बसवलं. पहिल्या दिवशी थोडे तंतू होते. दुसऱ्या दिवशी एक-दोन. तिसऱ्या दिवशी दहाच्या दहा बश्यांत शून्य लिहिलं. बेंगलोर रद्द. त्या बश्या मलाच धुवायच्या होत्या. धुताना तोंडात बाबांचा तो शेवटचा मंत्र आला, मला अर्धाच येतो, तेवढाच म्हटला. हाकललं नाही तिनं. म्हणाली, काचा तू चांगल्या धुतोस.

आता दुसरी कबुली. मंगळवारी तुझं पत्र घरी आलं, पोस्टमननं थेट बाबांच्या हातात दिलं. नीरजाताईनं वाचलं, मी जिन्यावर. शनिवारीच मी तुझं बारावं पत्र वाचलं होतं, त्यात तेजश्रीला गोवर निघाला होता. मंगळवारच्या पत्रात ती ठणठणीत, उलटी जिना उतरते. मेलो म्हटलं.

बाराही मी लिहिली, ताई. दोन वर्षांपूर्वी बाबांनी बोलणं टाकलं होतं, घाटावर जाणं पण. ताट वाढलेलं असायचं, तरी रोज थोडे लहान होत होते. मी एकटाच बघायला. तू लॅबवर लिहायचीस त्यातलं थोडं घेतलं, बाकी पदरचं.

संध्याकाळी बाबांनी हाक मारली. वाटलं, आता कान पिळणार. म्हणाले, "नवीन नीरजानं वाचलं. आता तू ते जुनं वाच, कचौडीचं." वाचलं. या वेळी कुठे थांबलो नाही. शेवटी म्हणाले, अक्षर छान आहे पोरीचं. ताई, त्यांना अक्षर कुठलं दिसतं.

आता तू लिहितेस, म्हणजे माझं ते काम संपलं. घरात पत्र आलं की दोघं वर बसतात आणि मी खाली चहा ठेवतो. चांगलंच आहे. फक्त लॅबच्या पत्त्यावर माझ्या नावानंही एखादी ओळ टाकत जा, शिवी असली तरी चालेल. लोभ जमेल तसा ठेव, पत्र मात्र नेमानं.

आणि हे वाचून फाडून टाक. बाबांनी ओळखलंय हे मला कळलंय, हे त्यांना सांगू नको. अनिशभाऊजींना नको, नीरजाताईला तर नकोच. हात जोडतो, ताई, कोणालाच सांगू नको.

तुझा,
गोपी