श्रीचं म्हणणं

१४ नोव्हेंबर
श्री बोलला! "पाणी." मग बऱ्याच वेळाने "पंखा."
राउंडला ज्युनियर डॉक्टर सांगत होता, पेशंट अर्थ नसलेले आवाज काढतोय. मी भडकलेच. म्हटलं, आवाज नाहीत, माझ्या नवऱ्याची मराठी आहे ती! बिचारा ओशाळला.
स्ट्रोकने उजवा हात गेला नि भाषा गेल्या. बँकेने श्रीची इथे बंगालात बदली केली तेव्हा मी रडत आले होते, हा मात्र वर्षभरात बंगाली बोलायला लागला. सियालदहच्या बाजारात माशांच्या भावावरून हुज्जत घालायचा आणि वर मासेवाल्याला हसवायचा. आता ना बंगाली, ना हिंदी, ना इंग्रजी. चिमूटभर मराठी राहिलीये. त्याला समजतं किती, ते डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत.

१७ नोव्हें.
कारण सापडलं. बीपी नाही, शुगर नाही, मग झालं कशाने म्हणून घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी केली. मला पडद्यावर दाखवली. झडप उघडतेय, मिटतेय, आणि तिला चिकटलेलं काहीतरी, करंगळीच्या नखाएवढं, प्रत्येक ठोक्याला लवलवतंय. गाठ. कॅन्सरची नाही. पण तिचा कण नाहीतर तिच्यावर साचलेलं रक्त सुटलं की थेट मेंदूत. एकदा सुटलंच. पुन्हा कधीही.
डॉक्टर म्हणाले, "बहुत रेयर है." आम्हाला सोसायटीच्या लकी ड्रॉत कधी कुकर लागला नाही, नि हे लागलं.
नाशिकहून वन्संचा फोन. गाठ म्हटल्याबरोबर रडारड. कॅन्सर नाही, कॅन्सर नाही, हे त्यांना समजावता समजावता मीच कोरडी पडले.

२० नोव्हें.
ऑपरेशन. छाती उघडायची, हृदय थांबवायचं, गाठ काढायची. जमलं तर झडप त्याचीच राहील. ऑपरेशनमध्येही पुन्हा स्ट्रोक येऊ शकतो, शक्यता कमी. न केलं तर जास्त. सर्जन हे सगळं श्रीसमोरच बोलले.
ते गेल्यावर मी सगळं मराठीत पुन्हा सांगितलं. श्री म्हणाला, "नको." मग डावा हात तोंडावर ठेवला. "हे... पण जाईल. एवढंच उरलंय."
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

२१ नोव्हें.
आज जे केलं ते लिहून ठेवते.
सर्जन आले. श्रीच्या खांद्यावर हात ठेवून, "ऑपरेशन करवा लें, दादा?" श्री माझ्याकडे वळला. "नको. सांग त्यांना."
"क्या बोल रहे हैं?"
मी म्हटलं, "डरे हुए हैं. पर तैयार हैं."
इतकं सहज निघालं तोंडातून. सर्जन खूश. तारीख पडली, २७.
ऋचा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ऑफिसमधून, सेक्टर फाइव्हहून, तशीच आलेली. लेकीचं मराठी बोलणं दिव्य, पण कळतं सगळं. ऑटोत बसलो. मग, "आई, बाबा तर नाही बोलला. तू हो कसा सांगितली?"
"मग काय दुसरा झटका येऊ देऊ?"
"ते मला नाही माहीत. पण बाबाजवळ तेवढाच बोलणं आहे ना. तो पण तू घेऊन घेतला."
घरी आल्यावर जेवलो नाही दोघी.

२३ नोव्हें.
श्री बोलतच नाही. परवापासून एक शब्द नाही. पुन्हा काही झालं की काय? नर्सला बोलावलं. ती म्हणाली, "दादा, चोख बोंधो कोरुन." त्याने लगेच डोळे मिटले. जीभ बाहेर काढा म्हणाली, काढली. सगळं बंगालीत.
तेव्हा डोक्यात उजेड पडला. बोलता येत नाही, पण समजतं. सगळ्या भाषा समजतात. म्हणजे माझं 'तैयार हैं' त्याने ऐकलंय.
"श्री, चुकले रे." त्याने हात सोडवून घेतला. चांगला, डावा.
बाहेर आकाश राखाडी. इथल्या हिवाळ्यात धूर खाली बसतो नि दिवसभर उठत नाही.

२६ नोव्हें.
उद्या. वॉर्डातच लिहितेय, हात कशात तरी गुंतलेला बरा.
सर्जन संध्याकाळी आले तेव्हा म्हटलं, त्या दिवशी मी खोटं सांगितलं. तो नाही म्हणाला होता. आता तुम्हीच विचारा, तो म्हणेल ते जसंच्या तसं सांगते. ते रागावतील वाटलं होतं. स्टूल ओढून बसले. सावकाश, हिंदीत, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. नाही म्हटलंत तर गोळ्यांवर ठेवू, म्हणाले.
श्रीने ऐकून घेतलं. सर्जनकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत, एकेक शब्द शोधत, "तुला... काय... हवंय?"
"क्या बोले?"
जसंच्या तसं सांगितलं. सर्जन उठले. "राउंड करके आता हूँ. तब तक आप लोग बात कीजिए."
मला तो हवाय. कसाही. मुका, पांगळा, माझ्यावर रुसलेला, कसाही. पण हे बोलले तर तो हो म्हणेल. लग्न झाल्यापासून दुसरं काय केलंय त्याने? आणि उद्या ती एवढीशी मराठीही गेली, तर ती मी मागून घेतलेली असेल. ऑपरेशन नको म्हटलं, तर रोज सकाळी तो उठेपर्यंत श्वास धरून बसायचं.
सर्जन पलीकडच्या पलंगापाशी पोचलेत. श्री बघतोय माझ्याकडे. मी अजून काहीच बोललेली नाही.