मितेशच्या हातचं पत्र

खारबाव,
३ नोव्हेंबर २०२४

चि. माधवीस अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. तुझ्या बाबांनी मृत्युपत्र करून खाडीलगतची सगळी जमीन तुझा भाऊ विठू याच्या नावे केली आहे. ती त्यांचीच इच्छा होती. तू हरकत घेऊ नये. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून वीस तारखेच्या आत पाठव. भावाला कोर्टात खेचलेस तर मला तोंड दाखवू नकोस.

तुझी आई
(लिहिणार : विठूचा मुलगा मितेश)


पेण,
९ नोव्हेंबर २०२४

ती. आईस शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. संमतीपत्र सही करून पाठवलं आहे. जमिनीचं राहू दे. पण बाबांचं डोकं ठिकाणावर असताना ते अर्धी मला म्हणाले होते, तेव्हा तू शेजारीच बसली होतीस ना? तुझ्या पत्रात एकही टोमणा नव्हता. माझ्या जाडेपणावरही नाही. इतकी कशी रागावलीस?

लोभ उरला असेल तर कळव.

माधवी


खारबाव,
१३ नोव्हेंबर २०२४

माझ्या जाड्या माधवीला आशीर्वाद.

मितेश ड्युटीवर होता, म्हणून पोस्टमनने तुझं पाकीट माझ्या हातात दिलं. शेजारच्या मेघालीने ते वाचून दाखवलं.

पोरी, मी मितेशला लिहायला सांगितलं होतं की लगेच ये आणि हरकत घे. मृत्युपत्र ज्या महिन्यातलं हाय, त्या महिन्यात हे मला आई म्हणून हाक मारायचे आणि विठूला तलाठी समजायचे. असा माणूस जमीन वाटतो होय? मितेशने लिहून झाल्यावर पत्र मला वाचूनही दाखवलं. माझे शब्द, माझे टोमणे, सगळं बरोबर. तोंडाने माझं बोलत होता, कागदावर बापाचं होतं. हुशार निघाला, माझ्यावर गेला. न्हायतर त्याच्या बापाला दोन ओळी धड लिहिता येत न्हाईत.

संध्याकाळी त्याला समोर बसवून मेघालीकडून तुझं पत्र ऐकवलं. खाली मान घालून म्हणाला, "आजी, तुला वाचता येत नाही, म्हटलं कळणार नाही." मी त्याला जेवायला वाढलं. स्वतः जेवले न्हाय.

तुझं संमतीपत्र याच पाकिटातून परत पाठवते. फाडायचं की ठेवायचं, ते तू ठरव. मी वीस तारखेला तलाठ्याकडे जाऊन विठूविरुद्ध अंगठा देणार. विठूलाही तसं सांगितलं. तो म्हणाला, पोटच्या पोराविरुद्ध? मी म्हटलं, माधवी काय मला बाजारात मिळाली?

लोभ कागदावर मागायचा नसतो. वीस तारखेला ये.

तुझी आई कमळा, अंगठा

ता. क. आजींनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. त्यांनी मला हे पत्र तीनदा वाचायला लावलं, मग कागद अंगणवाडीच्या बाईंकडे नेऊन चौथ्यांदा वाचून घेतला. मला वाईट वाटलं नाही.
— मेघाली