नाव झाकून आलेला लेख

शनिवार, २२ नोव्हेंबर. अमरावती

विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकाचा इतिहास लिहायचाय, म्हणून आज अकोल्याला जाऊन आले. त्याचे पहिले संपादक, माझे जुने सर, आता तिथे मुलाकडे असतात.

लेखकाचं नाव झाकून लेख परीक्षकाकडे पाठवायचा, हा नियम सरांचाच. माझा पहिला लेख त्यांनीच परत पाठवला होता. खाली त्यांच्या अक्षरात तीन शब्द: 'आधी वाचायला शिका.' वीस वर्षं विसरले नाही मी.

यंदा सरांचाच लेख परीक्षणाला माझ्याकडे आला. नाव झाकलेलं होतं, पण प्रत्येक परिच्छेद 'सबब'ने सुरू करणारा दुसरा आहे कोण? लेख चांगला होता. मी नाकारला. खाली तेच तीन शब्द टाइप केले.

आज सर म्हणाले, "परीक्षकाचं बरोबरच असन. मले आता डोयानं दिसत नाही. लेख सुनेले सांगून लिवला, त्याचा शेराही तिनंच वाचून दाखवला."

मग न राहवून मीच माझ्या त्या लेखाचं बोलले. ते चकितच झाले. "तो तुया होता? मले काय मालूम! नाव झाकलं होतं ना, पोरी."

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं का? बसमध्ये तरी नाही.

निघताना म्हणाले, "इतिहासात एवढं लिवजो, नाव पाहून आपल्या इथं कोणाचाच लेख परत नाही गेला."

घरी येऊन आधी तेच वाक्य लिहिलं. ठळक अक्षरांत टाकलंय. त्यांना तेही दिसणार नाही.