खडूची दुसरी रेघ

सोमवार, ४ मार्च
पुन्हा! मी पांढऱ्या खडूने आखलेल्या बाहीच्या मुंढ्याशेजारी निळी रेघ – चांगली बोटभर आत. शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायचं काम माझं एकटीचं, सोळा वर्षं. आणि निळा खडू धाकटीचा. सख्खी बहीण! मीच तिला इथे मशीनवर लावलं.
विचारलं तर म्हणते, "अगं ताई, रेघ पुसट होती, ठळक केली." ठळक? जागा सोडून?

बुधवार, ६ मार्च
लेक म्हणते, "आई, राग आला की भांडी आपटू नकोस, लिहून काढ. रागाच्या खाली काय आहे ते बघ."
खाली काय असणार? धाकटी आहे!

गुरुवार, ७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत ती आणि मालकीणबाई कुजबुजत होत्या. मी गेले, तशा गप्प. वर मालकीणबाई म्हणतात, "चहा घेता?" एरवी कधी विचारतात?
घरी सांगितलं तर नवरोजी म्हणाले, "एवढी पाळत ठेवतेस, त्यापेक्षा पोलिसांत भरती हो की!" हसू आलं नाही.

शनिवार, ९ मार्च
ओरडले तिच्यावर. सगळ्यांदेखत. "माझं टेबल हवंय ना? घे!" कात्री आपटली. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "ताई, हळू." आजारी माणसाला म्हणावं तसं. त्याचाच जास्त राग आला.
खाली काय आहे? माहीत नाही.
माहीत आहे. लिहायचं नाही.

मंगळवार, १२ मार्च
मुद्दाम तासभर आधी गेले – रंगेहाथ पकडायचं म्हणून. धाकटी माझ्या टेबलाशी उभी. समोर मी काल कापलेला काळा कोट. दोन्ही बाह्या उजव्या! काळ्या कापडाची सुलट बाजू कुठली, ते मला कळलंच नव्हतं. उरलेल्या तुकड्यातून ती डावी बाही बसते का बघत होती.
"मालकीणबाईंना माहीत आहे?"
"त्यांना शंका आलीय. मी म्हटलं, घरी त्रास आहे तिला."
"किती दिवस चाललंय हे?"
"थंडीपासून. ताई, तू सांगशील म्हणून थांबले होते गं."

बुधवार, १३ मार्च
उजव्या डोळ्याने हे पान मला दिसत नाही. धूसर ढग नुसता. कुणाला बोलले नाही – इथेही नाही.
उद्या डॉक्टर. धाकटी म्हणाली, "मी येते."
म्हटलं, नको.
मग म्हटलं, ये.