अप्पांच्या कपाळावरचं भस्म

प्रिय रवी,

तुझी खुर्ची मंजूनं आत्ता खिडकीपाशी नेली. मग परत आणली आणि मडिवाळप्पा काकांच्या समोर ठेवली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते आहे. उद्या अप्पांच्या दिवसांची गणाराधना, स्वामी येतील, पंगत होईल. माणसं सतरंजीवर बसतील, खुर्च्या लागत नाहीत, असं मी मंजूला समजावून बघितलं. ती म्हणाली, "शेवटी सगळे खुर्च्यांवर बसतात. मग तो सांगतो." ती वाचते त्या रहस्यकथांत असंच असतं. तिच्यासारखाच कुणी मुलगा, गोंगाट झाला की कान झाकणारा, कुणाच्या डोळ्यांत न बघणारा. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं त्याला दिसतं. शेवटच्या प्रकरणात तो सगळ्यांना एका खोलीत बोलावतो आणि कुणी केलं ते सांगतो. तिथं पुस्तक संपतं. दुसऱ्या दिवशी त्या घरात चहा कुणी केला, ते कुठल्याच पुस्तकात नसतं.

तू फोन उचलत नाहीस. गल्लीतला शिवकुमार आज दुपारी तुझ्या नांदेडला सासरी निघाला आहे, उद्या सकाळी बायकोला घेऊन गाडीनं परत येईल. हे पाकीट त्याच्याजवळ देते, तो तुझ्या घरी आणून देईल.

अव्वा बरी आहे. थोडं खाते. अप्पांची खाट अजून कुणी हलवू देत नाही. दालमिलच्या भोंग्यानं दचकते, पूर्वी दचकत नव्हती. तू मातीला आलास आणि स्वामींनी अप्पांच्या हातावर नवीन लिंग ठेवलं तेव्हा मागं जाऊन उभा राहिलास, हे तिनं पाहिलं. मला एवढंच म्हणाली, "त्याला जेवायला घालून पाठव." तू न जेवता गेलास.

सरजाबाईचं तुला कळलं असेलच. अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी आतल्या इष्टलिंगासकट गेली, त्या संध्याकाळपासून काका तिच्यामागं लागले आहेत. अप्पा अंथरुणाला खिळल्यापासून त्यांची आंघोळ, कपडे, सगळं तीच करायची, म्हणून घेतली तर तिनंच. "चांदी बघून भल्याभल्याची नियत फिरती," हे त्यांचं एकच वाक्य. सरजाबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून मला म्हणाली, "अक्का, देवाच्या डबीला म्या कशाला हात लावू? इतके दिस म्हाताऱ्याला आंघोळ घालून राहिले, कधी दोऱ्याला ओला हात लागू दिला न्हाई." गल्लीत ती धुणंभांडी करायची त्या दोन्ही घरांनी तिचं काम बंद केलं. उद्या पंगत उठली की काका ठाण्यात जाणार आहेत.

मंजूनं हे ऐकलं आणि कामाला लागली. काकांना तोंडावर म्हणाली, "तुम्ही संशयित नाही, तुम्हाला वाकता येत नाही." तुला माहीत आहे ती कशी बोलते, सगळं पुस्तकातल्या मराठीत. अव्वा त्या दिवसांत एकदाच हसली, ती तेव्हा. काका भडकले. म्हणाले, ही पोर अशी, हिच्या बोलण्याला काय धरायचं. माझ्या मंजूला काय आहे ते डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशीही भावकीत हेच बोलणं झालं होतं. अप्पा तेव्हा चालतेफिरते होते. ते म्हणाले होते, "पोरगी खरी हाय. तेवढं झेपंना तुम्हाला."

तिला सापडलं ते सांगते. तू आला होतास त्या संध्याकाळी, डबी गेल्याचं कळायच्याही आधी, ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती, आजोबांचं भस्म उलटं आहे. मी कुकर लावत होते. तिला ताटातली चटणीही रोजच्या जागी लागते, म्हणून मी हो म्हटलं आणि विसरले. परवा तिनं मला अप्पांच्या आरशासमोर उभं केलं आणि माझ्याच कपाळावर दाखवलं. तीन बोटं टेकतात तिथं भस्म जाड बसतं, ओढत नेतो तिथं विरतं. अप्पांचं मी लावायचे, अव्वा लावायची, कडा नेहमी एकाच बाजूला विरायच्या. त्या संध्याकाळी दुसऱ्या बाजूला विरल्या होत्या. सरजाबाई भस्माला कधी हात लावत नव्हती, आणि चोरी करणारा माणूस आधी भस्म लावत बसत नाही, असं मंजू म्हणाली. मग म्हणाली, मामा डावखुरे आहेत.

मला तू आठ-नऊ वर्षांचा दिसलास. पूजेला अप्पांच्या शेजारी बसायचास. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पूजा करायची, हे तुला जमत नव्हतं. तू ते उजव्या तळहातावर घ्यायचास. अप्पा न बोलता उचलून डाव्यावर ठेवायचे. तू पुन्हा बदलायचास. पूजा होईपर्यंत कुणालाच जेवण नाही, आम्ही सगळ्या भुकेल्या बसलेल्या, आणि तुमचं ते चाललेलं. शेवटी जेवणाच्या हाताला तू वळण लावलंस. भस्माच्या हाताला नाही.

त्या दिवशी तू आलास तेव्हा अप्पांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. लिंग तळहातावर ठेवलं की हात कापायचा, ते घसरायचं, पूजा अर्धी राहायची. अर्ध्या पूजेवर ते तोंड उघडत नव्हते. मी हात धरला तर झिडकारायचे. तू बघत उभा होतास. मग मोरीपाशी येऊन म्हणालास, "अक्का, ते गळ्यात हाय तंवर हा माणूस जेवायचा न्हाई." मी त्याला तुझा राग समजले.

तुला वाटलं असेल, सगळं विसरत चालले आहेत, हेही विसरतील. गळ्यात नसलं की पूजेची आठवण होणार नाही आणि भाताचा घास पोटात जाईल. रवी, लिंग अंगावर नसेल तर अन्न शिवायचं नाही, हे त्यांना लहानपणी शिकवलेलं. माझं नाव विसरले, ते विसरले नाहीत. तू गेल्यावर त्यांचा हात छातीवर फिरायचा, दोरा शोधायचा. चमचा नेला की मान फिरवायचे. स्वामींनी येऊन दुसरं लिंग बांधलं, ते त्यांनी ओढून खाली टाकलं. डॉक्टर म्हणतात, ते तसेही फार दिवस काढणार नव्हते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरं काय, मला ठाऊक नाही.

मंजूला मी सांगून बघितलं, उद्या बोलू नकोस. ती म्हणाली, मग सरजाबाईंना पोलीस नेतील. मी म्हटलं, सरजाबाईनं घेतलं नाही एवढंच सांग. ती म्हणाली, ते अर्धं आहे. तिला अहमदपूरला शिल्पामावशीकडे पाठवावं असंही मनात आलं. पण मग सरजाबाईचं काय? मी दारात उभी आहे आणि ती खुर्च्या मांडते आहे.

म्हणून हे पत्र. उद्या तिनं तोंड उघडायच्या आत ये. लिंग घेऊन ये आणि तू आधी बोल. तू काय केलंस, ते ती बरोबर सांगेल, त्यात एक शब्द चुकणार नाही. का केलंस, ते तिला दिसलेलं नाही. ते मी सांगितलं तर बहीण भावाला झाकते असं होईल. अव्वानं ते तुझ्या तोंडून ऐकावं. एकटा येऊ नकोस, शिवकुमारच्या गाडीत बस.

तुझीच,
अक्का

दुसऱ्या दिवशी, पंगतीआधी.
शिवकुमारनं पाकीट तसंच परत आणून दिलं. तुझ्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, परवापासून आहे. स्वामी आल्यावर मंजूनं सगळ्यांना बसवून सांगितलं. अव्वानं एकदा विचारलं, "रव्यानं?" आणि आत गेली. काकांनी ठाण्यात जायचं रद्द केलं. सरजाबाईला बोलवायला मी स्वतः गेले. ती आली नाही. मंजूनं विचारलं, सांगून झालं, आता काय करायचं. मी तिच्याकडे पंगतीत वाटायला पत्रावळ्या दिल्या.